तक्रार पत्र : हळदीच्या ब्रँडचा लोगो, संकेतस्थळ आणि ऑनलाइन जाहिरातींचे सदोष काम

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(डिजिटल एजन्सी), छत्रपती संभाजीनगर.

विषय : कराराप्रमाणे फायली व खात्यांचा ताबा न दिल्याबद्दल, तसेच जाहिरात खर्चाच्या परताव्याबाबत.

संदर्भ : आपल्याशी झालेला करार, आपली दोन्ही बिले आणि जाहिरातींचा तिमाही अहवाल.

महोदय,

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या हळद पावडरसाठी लोगो, संकेतस्थळ आणि तीन महिन्यांच्या जाहिराती असे काम आपल्याकडे दिले होते. डिझाइन दिसायला चांगले आहे, त्याबद्दल वाद नाही. तक्रार आहे ती हे डिझाइन छापता येत नाही, संकेतस्थळ गुगलवर सापडत नाही आणि जाहिरातीचा पैसा भलतीकडे गेला याची. शिवाय यातले काहीही आज कागदोपत्री आमच्या मालकीचे नाही.

आधी लोगो. करारात 'मूळ व्हेक्टर फाइल' (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) असे स्पष्ट लिहिले आहे. आपण पाठवलेल्या फाइलचे नाव एआय (इलस्ट्रेटरची फाइल) असले तरी आत १२०० बाय १२०० पिक्सेलची जेपीजी चिकटवलेली आहे. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबून आउटलाइन पाहिली, तर अक्षरांच्या आणि लोगोतल्या झाडाच्या पानाच्या रेषा दिसायला हव्यात. इथे नुसता रिकामा चौकोन येतो. १२०० पिक्सेल ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) जेमतेम चार इंच पुरतात. पन्नास किलोच्या पोत्यावर आमचा लोगो बारा इंचांचा आहे, म्हणजे हाती उरतात १०० डीपीआय, आणि कडा फाटलेल्या दिसतात. पाऊच छापणाऱ्याने फाइल परत पाठवली ती याच कारणाने.

एकरंगी आवृत्ती दिलीच नाही. पोत्यावर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग होते, त्यात आपल्या लोगोतला पिवळ्याकडून केशरीकडे जाणारा ग्रेडियंट उतरत नाही. रंगही फक्त आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) दिले आहेत. स्क्रीनवरचा झळाळता केशरी सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) मळका होतो, म्हणून छपाईसाठी सीएमवायकेचे आकडे आणि स्पॉट कलरचा (एकाच तयार शाईचा) पँटोन क्रमांक लागतो. १०० ग्रॅमच्या पाऊचवर 'शेतकऱ्यांची हळद' ही ओळ तीन पॉइंटची होते. त्या आकारात शिरोरेखा आणि मात्रा शाईने भरून जातात आणि ओळ म्हणजे एक काळी पट्टी उरते. लहान आकारासाठी ही ओळ वगळलेला लोगो वेगळा द्यावा लागतो, हे डिझायनरला सांगायची वेळ यायला नको होती.

याहून गंभीर बाब पानाच्या चिन्हाची आहे. उलट्या प्रतिमाशोधात (चित्र देऊन तसेच चित्र शोधल्यावर) तेच पान, त्याच शिरांसह, एका केसांच्या तेलाच्या बाटलीवर सापडले. म्हणजे ते स्टॉक साइटवरचे (तयार चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावरचे) चिन्ह आहे. अशा साइटांच्या नेहमीच्या परवान्यात ट्रेडमार्कसाठी वापर करायला मनाई असते, आणि आम्हाला ट्रेडमार्कसाठी वर्ग ३० (यात मसाले येतात) मध्ये अर्ज करायचा आहे. वरून, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांचे धरले जाते. आपल्या बिलावरची 'लोगो डिझाइन' ही ओळ म्हणजे हस्तांतरण नव्हे.

आता संकेतस्थळ. चालू झाल्यापासून ते गुगलवर येत नव्हते आणि 'एसईओला (शोधात वर येण्याला) सहा महिने लागतात' हे उत्तर आपण देत राहिलात. गुगलचे सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारे साधन) उघडल्यावर प्रत्येक पान 'नोइंडेक्स'मुळे (शोधात घेऊ नका, या सूचनेमुळे) वगळलेले दिसले. साइट ज्यावर बनवली त्या वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. साइट बनत असताना तिच्यावर टिक करतात आणि साइट सुरू करताना काढतात. ती काढलीच नव्हती. सहा महिने कशाला, सहा सेकंदांचे काम होते.

पहिल्या पानावरचे चित्र ५.८ एमबीची पीएनजी आहे आणि त्यावर लेझी लोडिंग (चित्र उशिरा उतरवण्याची सोय) लावले आहे, त्यामुळे सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात शेवटी उमटते. गुगलच्या मोजमापात हे चित्र अडीच सेकंदांत दिसावे आणि चार सेकंदांपुढे ते 'खराब' गणले जाते. आमच्या भागात एका दांडीच्या नेटवर्कवर पान पांढरेच राहते. १६०० पिक्सेल रुंदीची वेबपी (हलकी चित्र-फाइल) केली तर तेच चित्र २०० केबीत बसते. आणि चित्रातही चूक आहे : ते ताज्या आल्याचे आहे. आम्ही शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडांची पावडर विकतो. वसमत-हिंगोलीच्या ग्राहकाला ही चूक लांबूनही कळते.

मराठी मजकूर टाइप करताना 'शेतकऱ्यांची'चे 'शेतकर्यांची' झाले आहे. शीर्षकांना इंग्रजी साच्यातून आलेले दोन पिक्सेलचे अक्षर-अंतर लागले आहे, त्याने शिरोरेखा तुटून अक्षरे सुटी पडतात. मराठीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य ठेवावे आणि पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवावी, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात.

घाऊक खरेदीचा फॉर्म आजही आपल्याच चाचणीच्या ईमेलवर जातो. पत्ता बदलताना डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरा असल्याची खूण देणाऱ्या) नोंदी घाला, नाहीतर चौकशी आमच्या स्पॅममध्ये पडेल. उत्पादनाच्या पानावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक नाही. बॅनरवर मात्र भौगोलिक मानांकनाचे चिन्ह आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये मानांकन मिळाले हे खरे, पण आमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी अजून व्हायची आहे. ते चिन्ह ताबडतोब उतरवा.

जाहिरातींवर तीन महिन्यांत ५४,००० रुपये गेले. अहवालात '३१२ रूपांतरणे' (जाहिरातीतून झालेली खरेदी वा चौकशी) लिहून आपण मोकळे झालात. गुगल ॲड्समधली सेटिंग पाहिली तर संपर्काचे पान नुसते उघडले तरी रूपांतरण मोजले जाते. पेमेंट गेटवेवर याच काळात नऊ ऑर्डरी आहेत. एका ऑर्डरीमागे ६,००० रुपये खर्च, आणि आमचा अर्ध्या किलोचा पुडा १८० रुपयांचा! रूपांतरणाचा टॅग पैसे भरल्यानंतरच्या 'धन्यवाद' पानावर, रकमेसह लावायचा असतो.

पैसा गेला कुठे, तेही शोध-संज्ञांच्या अहवालात उघड आहे. 'हळद' आणि 'हळदी' हे शब्द ब्रॉड मॅचवर (दुरून जुळणाऱ्या शोधांवरही जाहिरात दाखवणारी सेटिंग) ठेवले होते. त्यावर आलेले क्लिक पाहा : 'हळदी डेकोरेशन', 'हळदीची गाणी', 'हळदीकुंकू वाण', 'नवरीची हळदी साडी', 'हिंगोली हळद बाजारभाव आज'. लग्नघरचे लोक आणि आमचेच शेतकरी बांधव क्लिक करत होते, बिल आम्ही भरत होतो. एवढ्यावर १७,५०० रुपये गेले. निगेटिव्ह कीवर्डची (ज्यांवर जाहिरात नको अशा शब्दांची) यादी कोरी आहे. 'हळद पावडर ऑनलाइन', 'सेलम हळद १ किलो' अशा संज्ञा फ्रेझ किंवा एक्झॅक्ट मॅचवर (जवळून जुळणाऱ्या शोधांपुरत्या) घेऊन आठवड्याला एकदा अहवाल चाळला असता, तर पहिल्याच आठवड्यात गळती थांबली असती. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची (इतर साइट व ॲपमधल्या बॅनरची) टिकही तशीच राहिली, आणि २१,००० रुपये मोबाइल गेममधल्या चुकून दाबलेल्या बॅनरवर गेले.

इन्स्टाग्रामवर आमची मंजुरी न घेता 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात चालवली. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. नोटीस आली असती तर परवानाधारक म्हणून प्रथम आमच्या दारात.

राहिला ताबा. डोमेनचा नोंदणीधारक म्हणून आपल्या एजन्सीचे नाव आहे, त्यामुळे ऑथ कोड (डोमेन हलवण्याचा गुप्त कोड) रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) थेट मागायचा अधिकारही आम्हाला नाही. आपण 'ट्रान्सफर शुल्क' म्हणून १५,००० रुपये मागितले. त्याच रजिस्ट्रारकडे आमचे खाते आहे. खात्यातून खात्यात डोमेन ढकलायला एवढा खर्च कुठेही येत नाही. आधी रजिस्ट्रार बदलण्याच्या भानगडीत पडू नका, कारण नाव किंवा रजिस्ट्रार बदलला की डोमेनला साठ दिवसांचे कुलूप लागू शकते, आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. गुगल ॲड्स खात्यात आम्हाला ॲडमिन करून आपले मॅनेजर खाते विलग करा. मेटाचे (इन्स्टाग्रामची कंपनी) जाहिरात खाते आणि पिक्सेल (साइटवर येणाऱ्यांचा माग ठेवणारा कोड) आपल्या बिझनेस पोर्टफोलिओत आहेत, त्यांचा पूर्ण ताबा द्या.

आमची मागणी अशी : पंधरा दिवसांत डोमेन, खाती, खरी व्हेक्टर फाइल (एआय, एसव्हीजी, पीडीएफ, रंगीत, एकरंगी व लहान आकाराची), लोगोतले नव्याने रेखाटलेले पान आणि सहीचे कॉपीराइट हस्तांतरण द्यावे, संकेतस्थळावरील दोष दुरुस्त करावेत, आणि वाया गेलेले ३८,५०० रुपये परत करावेत. तोवर शेवटचा ४०,००० रुपयांचा हप्ता रोखला आहे. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगात हा विषय टिकणार नाही असे आपले लोक फोनवर म्हणाले. ते आम्हालाही ठाऊक आहे. पण करार कायदा १८७२ च्या कलम ७३ खाली (करारभंगाची नुकसानभरपाई) दाद मागायला दिवाणी न्यायालय वसमतलाही आहे.

उत्तर लेखी द्यावे. व्हॉट्सॲपवरचा 'बघतो' ग्राह्य धरला जाणार नाही.

आपले,
संचालक मंडळ,
शेतकरी उत्पादक कंपनी, वसमत, जि. हिंगोली.

सोबत : कराराची प्रत, आउटलाइन दृश्याचा स्क्रीनशॉट, शोध-संज्ञांचा अहवाल, गेटवेवरील ऑर्डरींची यादी, इन्स्टाग्राम जाहिरातीचे चित्र.