मंदीचा दुष्काळ कोण जाहीर करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगावच्या वडगावात आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. गिऱ्हाईक बहुतेक सगळं मागावरचं, म्हणजे साड्या विणणारं. पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्याविषयी लिहितेय ती आमच्याच गल्लीतली माणसं आहेत आणि तुमचा पेपर वाचतात.

मंदी संपली, बाजार सावरला, अशा बातम्या गेली काही वर्षं येताहेत. सावरला असेल. लग्नसराईत शहापूरच्या साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, हे मलाही दिसतं. पण उधारीची वही माझ्याकडे असते आणि त्या वहीत अजून २०२० संपलेलं नाही.

आमच्या भागात एकावर एक संकटं आली. २०१७ ला जीएसटी आला, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात विणकरांच्या घरांच्या भिंती बसल्या, मागांत पाणी शिरलं. त्याच वर्षी गाड्यांचा खप घटला आणि उद्यमबागेतल्या, गाड्यांचे भाग ओतणाऱ्या फौंड्र्यांत पाळ्या कमी झाल्या, म्हणजे माग सोडून तिकडे जायची सोयही आखडली. आणि २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली ती नेमकी लग्नाच्या हंगामाच्या तोंडावर. विणलेल्या साड्यांचे गठ्ठे घरात पडून, नवीन सूत कुणी देईना. त्या वर्षी देशाचं एकूण उत्पादन ५.८ टक्क्यांनी घटलं आणि पुढच्याच वर्षी भरून आलं, असं सरकारी आकडे सांगतात. देशाचं आलं.

आमच्या मागच्या बोळात एका घरी स्वतःचे चार माग होते. दोन त्या वर्षी भंगारात किलोवर गेले. उरलेल्या दोनांवर आता दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणतात. घरधनी रात्री वॉचमन म्हणून जातो, सकाळी येऊन झोपतो, तोवर बाई माग बघते. थोरलीची शाळा नववीत सुटली. कुणी तिला शाळेतून काढलं नाही हो. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला माणूस परवडेना, म्हणून ती "थोडे दिवस" घरी राहिली आणि राहिलीच. आठवीपर्यंत शिक्षण सक्तीचं, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. धाकटा दहा-अकरा वर्षांचा. तो दुकानात येतो आणि फळीच्या कडेला उभा राहतो. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बरण्या बघत असतो. मग हळूच, "मामी, अर्धपाव मसूर. आई लिहून ठेव म्हणाली." पूर्वी याच घरात तूरडाळ किलोनं जायची. गोडेतेलही आता दहा-वीस रुपयांचं, घरची बाटली आणून.

रेशनवर सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ मिळतो, मान्य. भाताचा प्रश्न त्यानं सुटतो, वरणाचा नाही. घरच्या बाईच्या नावावर गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. ते आल्याचं मला आधी कळतं, कारण त्या दिवशी वहीतली नावं खोडली जातात. खोटं कशाला बोलू, त्यातला वाटा माझ्या गल्ल्यातही येतो. पण त्याआधी बायकांच्या कर्जगटाचा हप्ता. बंद काळातलं कर्ज फेडायला दुसरं काढलं, दुसरं फेडायला तिसरं. वसुलीला जबरदस्ती करणाऱ्यांना चाप लावायला कर्नाटकानं २०२५ मध्ये कायदा केला, चांगलं झालं. पण हप्ता काही त्यानं कमी होत नाही. शिवाय एकीनं भरला नाही तर गटातल्या बाकीच्या बायकाच दारात येऊन उभ्या राहतात. शेजारणींवर कुठलं कलम लावणार?

बीपीएल कार्डाचं तर विचारूच नका. वर्षाला १ लाख २० हजारांच्या वर उत्पन्न नको, म्हणजे महिन्याला १० हजार. नवराबायको दोघांनी राबून बारा-तेरा हजार मिळवले की कागदावर ते घर गरीब राहत नाही. त्यातले हप्त्यात किती गेले, हे अर्जात कुठे विचारत नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. शाळा सुरू असताना दुपारी माझं दुकान थंड असतं. पोरं शाळेत जेवतात. हल्ली आठवड्याचे सहाही दिवस अंडं किंवा केळं मिळतं, त्याचं कौतुकच आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागली की साडेबारा-एकला हीच पोरं पाच-पाच रुपये घेऊन येतात. बॉबी, नळ्या, बिस्किटपुडा. तेच दुपारचं जेवण. मेअखेरपर्यंत माझा हा धंदा तेजीत असतो आणि मला त्याची लाज वाटते. २०१९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. ही पाहणी टाळेबंदीच्या आधीची आहे. ती मुलं आज प्राथमिक शाळेच्या बाकावर आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात कर्नाटक सरकारनं दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांत सुट्टीतही जेवण दिलं होतं. दुष्काळी भागात सुट्टीतही मुलांना जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. म्हणजे पाऊस पडला नाही तर पिकाची पाहणी होते, आणेवारी निघते, दुष्काळ जाहीर होतो आणि पोरांच्या ताटात काहीतरी पडतं. माग बंद पडले तर कोण पाहणीला येतं? मंदीची आणेवारी कुणी काढत नाही. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तर आमच्या गल्लीला उपाशी म्हणायची सोयच नाही.

मोजणं अवघड आहे असं कुणी म्हणू नये. यंत्रमागांना सरकार सवलतीत वीज देतं, त्यामुळे कुठल्या वॉर्डात किती माग चालले आणि किती बंद राहिले हे वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या मीटरवर महिन्याच्या महिन्याला दिसतं. रीडिंग ठरावीक हद्दीखाली गेलं की त्या भागातल्या शाळांत सुट्टीतलं जेवण सुरू करावं. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचं काम कमी झालं, तर तिथलं माप वेगळं लागेल. ते तिथल्यांनी सांगावं, मला मागाचं कळतं. फुकट खायची सवय लागेल, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी मे महिन्यात दुपारी एक वाजता माझ्या दुकानात येऊन बसावं.

हे काम बंगळुरूचं की मुंबईचं, या सीमेच्या वादात मला पडायचं नाही. शाळेत तांदूळ धाडणारं खातं बंगळुरूत आहे, म्हणून मागणी त्यांच्याकडे. आमच्या आमदारांनी आणि जिल्हा पंचायतीनं ती पुढे न्यावी. आदेश निघायचा तर फेब्रुवारीत निघायला हवा. धान्य शाळेत पोचायला, गॅसची सोय व्हायला आणि स्वयंपाकाच्या बायकांचं सुट्टीतलं मानधन ठरायला तेवढे दिवस लागतातच.

आपली,
एक किराणा दुकानदार,
वडगाव, बेळगाव