लॉक कॉलबॅकबद्दल तू विचारलं होतंस ना

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, प्रोग्राम क्रॅश होतोय आणि कारण सापडत नाहीये असं लिहिलंस, म्हणून म्हटलं नीट सविस्तरच लिहावं, कारण हा प्रकार एकदा डोक्यात बसला की पुढे कितीतरी रात्रींचं डिबगिंग वाचतं. सगळ्या थ्रेडना (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) एकच डीएनएस कॅशे, म्हणजे शोधलेल्या सर्व्हरच्या पत्त्यांचा साठा, मिळावा म्हणून तू लिबकर्लचं, म्हणजे नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचं, शेअर हँडल बनवलंस ते बरोबरच आहे, पण त्याने डेटा नुसता सामायिक होतो, एका वेळी एकानेच हात लावावा ही काळजी तुलाच घ्यावी लागते.

तू कुठलं थ्रेडिंग वापरतोस, पीथ्रेड (युनिक्सवरची थ्रेड लायब्ररी) का विंडोजचं का आणखी काही, ते लिबकर्लने तुझ्यावर सोडलंय. म्हणून ते तुझ्याकडून दोन फंक्शन मागतं, एक लॉकचं, एक अनलॉकचं, आणि कॅशेला हात लावायच्या आधी पहिलं, काम झालं की दुसरं, असं स्वतःच बोलावतं, यांनाच लॉक कॉलबॅक म्हणतात. ही दोन्ही दिली नाहीस तर दोन थ्रेड एकाच वेळी कॅशेत लिहितात आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो, म्हणून तर तुला कारण सापडत नाहीये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलबॅकला कुठल्या प्रकारचा डेटा लॉक करायचाय तेही सांगितलं जातं, डीएनएस, एसएसएल सेशन (सुरक्षित कनेक्शनची जपलेली माहिती) वगैरे, आणि बरेच जण तिकडे बघतच नाहीत, सगळ्याला एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावतात. असं करू नकोस रे! एक प्रकार लॉक असताना दुसरा मागितला गेला तर तोच थ्रेड स्वतःची वाट बघत अडकतो. म्युटेक्सचा ॲरे ठेव, प्रत्येक प्रकाराला वेगळा, आणि तो यूजर पॉइंटरमधून (लिबकर्ल कॉलबॅकला जसाच्या तसा देतं तो तुझा पॉइंटर) आत पाठव, ग्लोबल नको. कॉलबॅकमध्ये लॉक-अनलॉक सोडून दुसरं काहीही करू नकोस, लॉगिंगसुद्धा नाही.

आणि हे कॉलबॅक शेअर केलेल्या डेटापुरतेच आहेत हं, एकच ईझी हँडल (एका ट्रान्सफरसाठीचं लिबकर्लचं हँडल) दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरलं तर ते वाचवणार नाहीत, प्रत्येक थ्रेडचं हँडल वेगळंच हवं. कनेक्शन कॅशे (उघडी ठेवलेली कनेक्शन) तर थ्रेडमध्ये शेअर करूच नको. बंद करताना आधी सगळी ईझी हँडल मोकळी कर, मग शेअर हँडल, मग म्युटेक्स.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीलाही आधी असेच कॉलबॅक द्यावे लागायचे, २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून ते आतच सांभाळतं, त्यामुळे जुना कोड बघून गोंधळू नकोस.

बदल करून थ्रेड सॅनिटायझर (थ्रेड एकमेकांच्या डेटात घुसतात का ते पकडणारं टूल) लावून चालव आणि काय दाखवतो ते मला पाठव.

तुझाच