कॉफीच्या पाकिटावर भाजल्याची तारीख छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. गेलं वर्षभर सकाळची कॉफी मी स्वतः करतो आणि प्रत्येक कपाची नोंद मोबाईलमधल्या एका अ‍ॅपमध्ये ठेवतो, म्हणजे पावडर किती ग्रॅम, पाणी किती, दळण जाड की बारीक, किती वेळ लागला आणि शेवटी चवीला किती स्टार. घरचे आधी म्हणाले कॉफीचा काय हिशोब ठेवायचा, पण त्या हिशोबातूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आलीये आणि ती सगळ्यांना कळावी असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

माझं माप ठरलेलं आहे. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी, कागदाच्या फिल्टरमधून साधारण ३ मिनिटं. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचावर असल्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी आल्यावर जेमतेम अर्धा मिनिट थांबून कॉफीवर ओतलं तरी चालतं, हेही मला नोंदी बघूनच समजलं. पावसाळ्यात एक पाकीट संपलं, त्याच दुकानातून तेच दुसरं आणलं आणि चव एकदम गेली. चार स्टारवरून दोनवर. मी दळण बदललं, पाणी बदललं, बोअरचं सोडून नळाचं घेतलं, पंधरा दिवस नुसता खटाटोप केला. मग एका रविवारी अ‍ॅपमध्ये मागच्या सगळ्या नोंदी शांतपणे वाचल्या तर माप तेच, वेळ तीच, फरक फक्त पाकिटाचा.

नुकत्याच भाजलेल्या ताज्या कॉफीवर पहिलं थोडं गरम पाणी घातलं की ती तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगते, वर बुडबुडे येतात, कारण भाजताना दाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. या दुसऱ्या पाकिटातली कॉफी फुगलीच नाही, चिखलासारखी बसून राहिली. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, पॅकिंगची तारीख आहे ना, अजून काय पाहिजे. पण पॅकिंगची तारीख वेगळी आणि भाजल्याची वेगळी हो, दाणे भाजून दोन-तीन महिने पडून राहिले आणि मग पाकिटात भरले तरी वरची तारीख ताजीच दिसणार. अ‍ॅपमध्ये भाजल्याच्या तारखेचा वेगळा रकाना आहे आणि माझ्या बहुतेक नोंदींमध्ये तो रिकामा आहे, कारण पाकिटावर ती तारीखच नसते.

चिकोरीचं बघा, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. चिकोरी मिसळली असेल तर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे पाकिटावर छापावंच लागतं, आणि त्यात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. आमच्या आईला चिकोरीवालीच आवडते, ती वाचून बघून घेते, तक्रार नाही. टक्के छापता येतात तर एक तारीख छापायला काय अवघड आहे?

आणि नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. आपण द्राक्ष घेताना पहिला प्रश्न विचारतो की तोड कधीची. निर्यातीची पेटी कुठल्या बागेतली हेसुद्धा ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, सापडतं, आपल्याच शेतकऱ्यांनी ती शिस्त लावून घेतलीये. चिकमगळूर, कोडगूची कॉफीपण कोणीतरी तेवढ्याच कष्टाने पिकवतं, आपल्या चिखलदऱ्यातही थोडी होते, आणि ती आपल्यापर्यंत शिळी होऊन पोचते याचं फार वाईट वाटतं.

कॉफी भाजून विकणाऱ्यांनी भाजल्याची तारीख छापावी, सुटी पावडर देणाऱ्या दुकानदारांनी पुड्यावर निदान पेनाने लिहून द्यावी आणि आपण घेणाऱ्यांनी ती मागावी. तुमच्या ग्राहकांच्या पानावर एकदा यावर सविस्तर लिहून आलं तर दुकानात मी ते कात्रणच घेऊन जाईन.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक