गच्चीवरच्या दुर्बिणीसाठी, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न.

दुर्बीण बसली. तिच्या गच्चीवरच्या खोलीचं छप्पर रुळांवरून एका हाताने मागे सरकतं. तुम्हाला फोनवर हे सांगितलंच आहे, पण फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय तुम्ही जे सांगितलंत ते गच्चीवर दुर्बीण बसवू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत नुसते आकडे होते. भिंगाचा व्यास 80, 102 की 127 मिलिमीटर, भिंग दोन काचांचं (डब्लेट) की तीन काचांचं (ट्रिपलेट). तुम्ही वही बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "तुला बघायचंय काय?" चंद्र, ग्रह आहेतच, पण खरा जीव जोडताऱ्यांत, म्हणजे अगदी जवळजवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांत, असं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, मग भिंगाचीच घे. आरशाच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा प्रकाशाच्या वाटेत येतो आणि ताऱ्याभोवतीची वलयं त्यामुळे उजळतात. भिंगाच्या दुर्बिणीत वाट मोकळी असते. पाठोपाठ दुसरी बाजूही सांगितलीत: 8 इंची आरसा 4 इंची भिंगाच्या चौपट प्रकाश गोळा करतो, तेव्हा अंधुक दीर्घिकांसाठी ही दुर्बीण तोकडी पडणार. न विचारता तोट्याचं सांगणारी माणसं फार थोडी भेटतात, काका.

रंगदोषाचं तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. एकाच भिंगातून तांबडा आणि निळा प्रकाश एका जागी येत नाही. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांच्या जोडभिंगाने तो दोष बराच आवरतो, आणि त्या भिंगाचं पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडने 1758 मध्ये घेतलं. तरीही अभिजितसारख्या ठळक ताऱ्याला जांभळी कड उरतेच. साध्या जोडभिंगात ती दाबायची तर 4 इंचाला निदान एफ/12 हवं (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं नाभीय अंतर व्यासाच्या बारापट), म्हणजे सव्वा मीटरची नळी. माझी खोली 8 बाय 8 फुटांची. ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेमुळे तेच काम एफ/7 ला होतं. ट्रिपलेट रंगाला अजून चोख, पण तीन काचांची नळी तोंडाकडे जड होते आणि निवायला जास्त वेळ घेते. "फोटो काढणार नसलीस तर तिसऱ्या काचेचे पैसे माउंटमध्ये (दुर्बीण पेलणाऱ्या बैठकीत) घाल," हे तुमचं वाक्य मी शब्दशः पाळलं. 102 मिलिमीटर व्यासाची, 714 मिलिमीटर नाभीय अंतराची ईडी डब्लेट घेतली आणि माउंट तिच्या वजनाच्या मानाने चांगला दणकट. आज 5 मिलिमीटरच्या आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला), म्हणजे जवळपास 143 पट वर्धनाला, फोकस फिरवताना तारा थरथरत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुम्ही साताऱ्याला आलात तो दिवस. चहा घ्यायच्या आधी तुम्ही घराचा नकाशा मागितलात, कॉलम कुठून वर आलेत ते पाहिलंत आणि स्वयंपाकघरातून परात मागवलीत. परातीत पाणी भरून ती आधी स्लॅबच्या मध्यावर ठेवलीत आणि माझ्या मुलीला शेजारून चालायला सांगितलंत. पाण्यातलं खांबावरच्या दिव्याचं प्रतिबिंब तुटून गेलं. मग तीच परात कॉलमच्या डोक्यावर. मुलगी पुन्हा चालली, आणि प्रतिबिंब जेमतेम हललं. "दुर्बिणीचा पिलर इथे, आणि चालायच्या लाकडी फळ्या पिलरला कुठेच टेकू द्यायच्या नाहीत." गवंड्याला दुसरं काही समजवावं लागलं नाही.

मग उत्तरेचा कठडा. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर. उत्तरेची भिंत बाकी तिघींइतकी उंच केली असती तर तो खोलीतून दिसलाच नसता आणि माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवताना पंचाईत झाली असती. ती भिंत तुम्ही कमरेएवढीच ठेवायला लावलीत. कृत्तिका तर इथे जवळजवळ डोक्यावरून जातात, तेव्हा भिंगाच्या दुर्बिणीचा आयपीस पार खाली येतो. म्हणून मला खुर्चीत बसवून, डोळ्यापर्यंतची उंची टेपने मोजून तुम्ही पिलरची उंची ठरवलीत. मान अजिबात अवघडत नाही, काका. बायकांच्या उंचीचा विचार करून कुणी काही बांधतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पावसाळ्याचंही तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलं. जूनच्या आधी नळी उतरवली आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पेटीत ठेवली. भिंगावर बुरशी नाही. दवासाठी तोंडाला हीटरची पट्टी आहे, आणि भिंग फडक्याने पुसायचं नाही हे घरात सगळ्यांना पाठ झालंय.

पाऊस गेल्यावर पहिला नंबर अभिजितशेजारच्या एप्सिलॉन लायरी या जोडताऱ्याचा. आधी तारा फोकसच्या आत-बाहेर नेऊन वलयं पाहिली, दोन्हीकडे सारखी गोल. मग फोकसला आणला. दोन तारे, आणि त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा दोन. सव्वादोन-अडीच विकलांचं अंतर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), पण मधली काळी फट स्वच्छ. अभिजितभोवती जांभळं शोधूनही सापडलं नाही.

आता एक मागणं. कर्क राशीतल्या झीटा या ताऱ्याच्या आतल्या जोडीत सध्या साधारण 1.1 विकलांचं अंतर आहे, आणि 102 मिलिमीटरची डॉज मर्यादा, म्हणजे दोन तारे वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर, 1.14. माघात रात्री अकराच्या सुमारास हा तारा साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा काकूंना घेऊन दोन दिवस राहायलाच या. जोडी फुटते की नुसतीच लांबट दिसते, ते तुमच्या डोळ्यांनी ठरवू.

तुमची,
साताऱ्याची विद्यार्थिनी