चि. वैशालीस

बार्शी

चि. वैशालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेत पुस्तक प्रकाशनाला गेलीस, चहाच्या वेळी ज्या घोळक्यात उभी राहिलीस तिथे परदेशी कादंबरीकारांची नावे घरच्या पाहुण्यांसारखी घेतली जात होती, आणि तू दोन वाक्ये बोललीस तेव्हा कुणीतरी ‘तुमच्याकडची भाषा किती गोड’ असे म्हणाले. त्या गोडव्यातली कीव तुझ्या लक्षात आली, हे बरेच झाले. मात्र त्यानंतर तू अख्खी कथा प्रमाण मराठीत पुन्हा लिहायला घेतलीस, हे मला पटलेले नाही.

निवेदनातले ऱ्हस्वदीर्घ बिनचूकच हवेत. त्यात सवलत मागू नकोस, शिक्षकाच्या मुलीने तर नाहीच. पण भगवंताच्या देवळामागे भाजी विकणारी तुझी सखूमावशी सदाशिव पेठेतल्यासारखी बोलू लागली, तर ती कथेतून उठून जाईल आणि मागे नुसते शुद्ध मराठी उरेल.

त्या मंडळींच्या बैठकीचा इतिहासही ध्यानात असू दे. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यातच भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण मात्र जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, कारण कष्टकऱ्यांच्या सुखदुःखाशी त्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच सभांचे झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसायला १९६१ साल उजाडावे लागले. आणि या साऱ्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. पेशवाईत आपल्या लोकांचे जे हाल झाले ते तिने रोखठोक मांडले आणि ज्यांचा वेद वाचण्याचा अधिकार हिरावला गेला त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्नही विचारला. तो निबंध पुन्हा वाच. विद्वत्तेचा आव कुठेही नाही, आणि तरीही त्यातला युक्तिवाद आजही कुणाला खोडता आलेला नाही.

याचा अर्थ तिथले सगळे पोकळ आहेत असे मी म्हणत नाही. मनापासून वाचणारी माणसे पुण्यात आहेत, आणि ती बहुधा मागच्या रांगेत बसलेली असतात. न वाचलेल्या पुस्तकाचा विषय निघाला तर ‘मी वाचलेले नाही, काय वाचू?’ असे सरळ विचार. खरा वाचक उत्साहाने सांगेल आणि दिखाऊ माणूस विषय बदलेल, त्यामुळे निवड आपोआप होईल. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे आहे. तिथे वर्गणीदार हो. समारंभ थोडे कमी केलेस तरी चालेल (जेवणाच्या वेळा तरी पाळल्या जातील, असे तुझी आई म्हणते).

कथेचा पहिला खर्डा फाडला नसशील अशी आशा आहे. दिवाळी अंकाला तोच पाठव, एक प्रत स्वतःजवळ ठेव, आणि मानधनाचे आधीच विचारून घे. त्यात कमीपणा नाही. पाठवण्यापूर्वी मला दाखवलीस तर शुद्धलेखन तपासून देईन. सखूमावशीच्या बोलण्याला हात लावणार नाही.

तुझे
बाबा