लग्नाचा अल्बम का रखडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांची धांदल सुरू होते आणि मागच्या मोसमातले अल्बम मिळाले नाहीत म्हणून स्टुडिओच्या दारात वादही सुरू होतात. आम्ही लग्नाची छायाचित्रे काढणारे व्यावसायिक आहोत. यातले बहुतेक वाद टळू शकतात, असे आमचे ठाम मत आहे. ‘फोटो, व्हिडिओ, अल्बम, सगळे धरून इतके’ एवढ्यावर इसार दिला-घेतला जातो, कागदावर मात्र काही नसते.

अल्बमचेच घ्या. सध्या जास्त चालतो तो १२ × ३६ इंची. उघडल्यावर समोर दिसते ती एक शीट, तिची पाने दोन. एकाने पाने धरून बोलावे आणि दुसऱ्याने शीट, की हिशेब थेट निम्म्यावर येतो. एका शीटवर तीन-चार फोटो शोभतात, म्हणजे ४० शीटमध्ये १२० ते १६०. घरून निवडून येतात सहाशे! मग एकतर फोटो तिकिटाएवढे होतात, नाहीतर शीट वाढतात आणि वाढीव पैशांवरून बिनसते. म्हणून शीटची संख्या, कागद (ग्लॉसी, मॅट की न फाटणारा), कव्हर आणि वाढीव शीटचा दर ऑर्डर देतानाच लिहून घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ जातो तो निवडीत. नवरी माहेरी, नवरा नोकरीच्या गावी, दोन्हीकडच्या विहिणींची यादी वेगळी. महिने असेच निघून जातात. दोन्ही घरांनी मिळून एकच माणूस नेमावा आणि ३० दिवसांत फोटोंचे फाइल क्रमांक पाठवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्क्रीनशॉट पाठवू नयेत. त्यात मूळ क्रमांक नसतो आणि हजारो फोटोंतून तो एक फोटो नजरेने शोधावा लागतो. डिझाइन तपासायला आले की नावांचे शुद्धलेखन, तारीख, राहून गेलेले नातलग आणि शीटच्या मधल्या घडीत कुणाचा चेहरा येतो का, हे पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर रंग उजळ दिसतात, कागदावर थोडे दबतात. शंका असल्यास एक शीट आधी छापून मागावी. संपूर्ण अल्बम छापून बांधणीला गेल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा छपाई, आणि तो खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो.

दोष आमच्या धंद्यातही आहे आणि तो झाकून उपयोग नाही. एकाच मुहूर्तावर दोन लग्ने घ्यायची आणि एकीकडे कालपर्यंत लाइट धरणारा मुलगा पाठवायचा, हे चालते. त्यामुळे प्रत्यक्ष कोण येणार, त्याचे नाव करारात हवे. कॅमेरा दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा आहे का, हेही विचारावे. एका कार्डावरचे लग्न म्हणजे एका धाग्यावर टांगलेले लग्न. त्याच रात्री सगळा डेटा दोन हार्ड डिस्कवर उतरवावा, त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवावी आणि दोन्हींवरच्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ, प्रक्रिया न केलेला फोटो) साधारण २५ एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे ७५ जीबी. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) घेतलेला व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. एवढा डेटा कोणताही स्टुडिओ कायम सांभाळू शकत नाही. किती महिने सांभाळणार ते लिहून द्यावे आणि ग्राहकाने त्याआधी आपली प्रत घेऊन जावी.

मंडपातल्या दिव्यांकडेही लक्ष हवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (कॅमेऱ्यात प्रकाश घेणारी झडप) त्याहून वेगवान ठेवले की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० सेकंदावर ते सहसा जातात, पण मग अक्षता उधळल्याचा क्षण हलका पुसट होतो. शिवाय लाल-पिवळ्या कनातीचा रंग चेहऱ्यांवर चढतो, तो नंतर पूर्ण काढता येत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्यापासून अंतरपाट दूर होईपर्यंत रंगीत दिवे बंद आणि समोरून पांढरा प्रकाश, एवढे डेकोरेटरला आधीच बजावावे. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) कायमचा बिघडू शकतो, हे डीजेवाल्यांनाही ठाऊक असावे. मोबाइल उंचावून वधू-वरांसमोर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना आवरण्याचे काम मात्र यजमानांचे. छायाचित्रकाराने सांगितले की राग येतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, काढून घेणारा असतो. तेव्हा नवरीचे फोटो स्टुडिओने आपल्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील, तर तशी लेखी परवानगी घ्यावी. ती नाकारण्याचा कुटुंबाला अधिकार आहे, आणि नाकारली म्हणून दर वाढवणे आम्हाला गैर वाटते.

पैशांचे तीन हप्ते करावेत: इसार, लग्नाच्या दिवशी, आणि शेवटचा डिझाइन मंजूर झाल्यावर, छपाईआधी. मंजुरीनंतर किती दिवसांत अल्बम हाती येईल, तेही लिहावे. तालुक्यातालुक्यांतल्या छायाचित्रकार संघटनांनी या सगळ्याचा एक पानी मराठी नमुना छापून प्रत्येक स्टुडिओत ठेवावा. यंदाच्या मोसमापासूनच हे सुरू व्हावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपले,
लग्नसमारंभांचे काही व्यावसायिक छायाचित्रकार, सातारा