चहा-चपाती एकत्र नको

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

वसतिगृहातल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं, हे तू फोनवर बोलता बोलता सांगून टाकलंस. तुझ्या वयाला ते निदान १२ हवं. वर म्हणालीस, "मला काही होत नाही गं, फक्त जिना चढताना धाप लागते." बाळा, तेच तर होणं आहे.

तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१ टक्के. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, हे एक कारण. पण भाजी संपत आली की मुलीने चटणीवर भागवायचं, ही रीतही आहेच. तिचा मला फार राग येतो.

आमच्या अंगणवाडीत किशोरी मुलींना विचारलं, रक्त कशाने वाढतं, की सगळ्या एका सुरात म्हणतात, "बीट!" रंग लाल म्हणून. बिटात लोह अगदी थोडं, बाजरीत त्याच्या कितीतरी पट. नाचणी चांगलीच, पण ती मुख्यतः कॅल्शियमसाठी. लोहासाठी मटकी, हुलगे, तीळ, अळीव, माठ-राजगिऱ्याची भाजी. आणि कलेजी, ती तू सुट्टीत आलीस की करीनच.

आता तुमच्या नाश्त्याचं. सकाळी चहात चपाती बुडवून खायची आणि शाळेला पळायचं! धान्य-कडधान्यातलं लोह आधीच थोडं अंगी लागतं, त्यात चहातलं टॅनिन उरलंसुरलंही अडवतं. चपातीबरोबर उसळ घे, नसेल तर शेंगदाण्याची चटणी. चहा तासाभराने. तेव्हा मिळत नसेल तर सकाळचा चहा सोडूनच दे. जेवताना लिंबू पिळ. लिंबू नसलं तर गेटबाहेरच्या गाडीवरचा पेरू खा. त्यात संत्र्याहून खूप जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि जेवणाबरोबर ते पोटात गेलं की लोह चांगलं शोषलं जातं.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मळमळतं म्हणून बंद केल्यास ना? रिकाम्या पोटी घेतेस म्हणून मळमळतं. रात्री जेवण झाल्यावर पाण्याबरोबर घे, दुधाबरोबर नको. शी काळी होते, घाबरू नकोस. शाळेत जंताची गोळी देतात तीही टाळू नकोस, जंतांमुळेही रक्त कमी होतं.

आणि तुझी ती मैत्रीण, जाड होऊ म्हणून रात्रीची भाकरी सोडणारी, तिला हे पत्र वाचून दाखव. आठवीनंतर शाळेतलं जेवण बंद होतं, त्यात रात्रीचंही सोडलं तर उंची आणि हाडं वाढायची कशावर? समतोल आहाराचा तक्ता तुम्हा दोघींना तोंडपाठ आहे, मला ठाऊक आहे. मला काळजी ताटाची आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून घे आणि आकडा कळव.

रविवारी मामा येतोय. त्याच्याबरोबर अळिवाचे लाडू आणि डझनभर लिंबं पाठवतेय. लाडू मैत्रिणींना जरूर दे, पण रोजचा तुझा एक आधी खा, मग वाट.

तुझी,
आई